कीटकसंग्रहांचे जतन व संशोधन : मावळ-लोणावळा परिसराच्या संदर्भात

निसर्गविज्ञान संग्रहालयातील कीटकसंग्रह म्हटला म्हणजे सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे काचेच्या पेटीत मांडलेली रंगीबेरंगी फुलपाखरे उभी राहतात. वस्तुतः प्रेक्षकांसाठी मांडलेला भाग हा संग्रहाचा अत्यल्प अंश असतो. खरा संग्रह आतल्या दालनांत, बंद कपाटांच्या खणांत असतो, आणि त्यांतील कित्येक नमुने तांदळाच्या दाण्याहून मोठे नसतात. प्रत्येक नमुन्याच्या टाचणीस एक लहानशी चिठ्ठी टोचलेली असते. अमुक कीटक, अमुक स्थळी, अमुक दिवशी, अमुक व्यक्तीस सापडला, एवढीच हकीकत तीवर असते. परंतु एवढ्याच हकीकतीमुळे तो वाळलेला देह शास्त्रीय पुरावा ठरतो. हा पुरावा टिकविणे, तो वाचता येईल असा ठेवणे व त्यावरून निष्कर्ष काढणे या तीन कामांचा विचार मावळ तालुका व लोणावळा परिसर यांच्या संदर्भात येथे केला आहे.

हा परिसर निवडण्यास सबळ कारण आहे. लोहमार्गाने लोणावळ्यापासून वडगावापर्यंतचे अंतर ३० किलोमीटरांहून कमी; परंतु एवढ्या टप्प्यात निसर्गाचे रूप पार पालटते. घाटमाथ्यावर वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे तो झपाट्याने घटत जातो. घाटाच्या उतारांवर सदाहरित व निमसदाहरित रानांचे पट्टे, त्यांखाली कारवीचे दाट रान, पठारांवर गवत, आणि इंद्रायणी, पवना व आंद्रा यांच्या खोऱ्यांत भाताची खाचरे, असा हा प्रदेश आहे. येथील कीटकसृष्टी कोसाकोसाला बदलते. म्हणूनच येथून गोळा केलेल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर स्थळाची नोंद ढोबळ असेल, तर तो नमुना निम्म्याहून अधिक मुका होतो.

संग्रहाची पूर्वपीठिका

पुणे-खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये व बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्यामुळे मुंबई व पुणे या दोन्ही शहरांतील निसर्ग-अभ्यासकांस सह्याद्रीचा माथा एका दिवसाच्या प्रवासात आला. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते. एडवर्ड एटकेन व कर्नल चार्ल्स स्विन्हो हे कीटकांचे अभ्यासकही त्यांत होते. स्विन्होने मुंबई व दख्खन येथील फुलपाखरे व पतंग यांविषयीचा आपला लेख १८८५ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध केला. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले आणि पश्चिम भारतातील कीटकविषयक लेखनास हक्काचे स्थान मिळाले.

वनखात्यातील अधिकारी रॉबर्ट रॉटन याचे मुंग्यांवरील काम याच काळातले. त्याने गोळा केलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडमधील ऑग्यूस्त फोरेल याच्याकडे जात. फोरेलने हिंदुस्थान व सिलोन येथील मुंग्यांवर लिहिलेली लेखमाला सोसायटीच्या नियतकालिकात १८९२ ते १९१३ या काळात प्रसिद्ध झाली. रॉटनने पुण्याहून धाडलेल्या एका चिमुकल्या मुंगीवरून फोरेलने १८९० मध्ये एक नवी जाती वर्णिली. या जातीतील काही नर बिनपंखी असून दिसण्यात कामकरी मुंगीसारखे असतात. हे वैचित्र्य पाहून फोरेलने तिच्यासाठी 'एमेरिया' हा स्वतंत्र वंश कल्पिला होता. पुढे तो वंश 'कार्डिओकॉन्डिला' या वंशात विलीन करण्यात आला. वंशाचे नाव पालटले, पण जातीच्या नावातील रॉटनची स्मृती कायम राहिली, कारण ते नाव एका ठरावीक नमुन्याशी बांधलेले आहे.

खंडाळ्याचे नाव युरोपातील कीटकशास्त्रात रूढ होण्यास मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील जेझुइट अध्यापक योझेफ आस्मुट याचे कार्य विशेष कारणीभूत झाले. वाळवीच्या वारुळांत वाळवीखेरीज इतरही कीटक आश्रयास असतात. त्यांस 'वाळवीचे पाहुणे' म्हणता येईल. खंडाळ्याच्या परिसरातील वारुळे उकरून आस्मुटने हे पाहुणे गोळा केले व अभ्यासासाठी एरिख वासमान याच्याकडे पाठविले. वासमानने १९०२ मध्ये त्यांपैकी एका आखूडपंखी, फुगीर उदराच्या माशीस 'टर्मिटोक्सेनिया आस्मुटी' असे नाव दिले. या माश्या उभयलिंगी असतात व त्यांच्या जीवनक्रमात अळीची अवस्था नसते, असा त्याचा सिद्धान्त होता. उभयलिंगित्वाचे हे मत पुढील संशोधकांनी ग्राह्य मानले नाही. सिद्धान्त मागे पडला तरी नमुने मात्र मागे पडले नाहीत. वासमानचा संग्रह नेदरलँड्समधील मास्त्रिख्त येथील निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे. चुकीच्या निष्कर्षाची दुरुस्ती करावयाची तर ज्यावरून तो काढला ती वस्तू हाताशी असावी लागते, ही गोष्ट या उदाहरणावरून ध्यानात येते.

चतुरांच्या बाबतीत फ्रेडरिक फ्रेझर या लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्याने पश्चिम भारतातील चतुरांची पाहणी १९२४ मध्ये प्रसिद्ध केली आणि 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेतील चतुरांचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात लिहिले. या साऱ्या परंपरेचा एक परिणाम असा की, सह्याद्रीतील अनेक कीटकजातींचे मूळ नमुने आज लंडन, जिनिव्हा, मास्त्रिख्त अशा ठिकाणी आहेत. भारतात मात्र याच काळात संग्रहांची स्वतंत्र व्यवस्था उभी राहत होती. झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था १९१६ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली व तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ मध्ये पुण्यास सुरू झाले. हे केंद्र आज आकुर्डीस, म्हणजे पुणे-लोणावळा लोहमार्गाच्या कडेसच आहे. मावळातील अभ्यासकाला तुलनेसाठी व नमुने ठेवण्यासाठी इतके जवळचे स्थान दुसरे नाही.

चिठ्ठीचे महत्त्व

जुन्या संग्रहाचा अभ्यास करणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो तो चिठ्ठी वाचण्याचा. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लिखाणात लोणावळ्याचे नाव 'लानौली', 'लनोली' अशा निरनिराळ्या रूपांनी येते. 'पूना' या शब्दाने कधी शहर, कधी छावणी, तर कधी सारा जिल्हा अभिप्रेत असतो. नुसते 'बॉम्बे' म्हटले तर ते शहर की इलाखा, हे ठरविणे सोपे नसते. 'वेस्टर्न घाट्स' एवढेच लिहिले असेल तर ते स्थळ तापीपासून कन्याकुमारीपर्यंत कोठेही असू शकते.

याहून अवघड प्रश्न खुद्द 'खंडाळा' या नावाचा आहे. एक खंडाळा मावळात, बोरघाटाच्या माथ्यावर. दुसरा सातारा जिल्ह्यात, पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी. पहिला अतिवृष्टीच्या प्रदेशात, तर दुसरा तुलनेने कोरड्या मुलखात. चिठ्ठीवर केवळ 'खंडाळा' असेल आणि अभ्यासकाने विचार न करता नकाशावर चुकीच्या जागी ठिपका दिला, तर घाटमाथ्यावरील दमट रानातली जाती कोरड्या प्रदेशात राहते असा विपरीत निष्कर्ष निघेल. अशा वेळी संग्राहकाचा प्रवासक्रम, त्याच तारखेचे इतर नमुने, त्याची पत्रे व संग्रहालयाची आवकवही यांचा ताळा घ्यावा लागतो. इतके करूनही निश्चय होत नसेल तर शंका आहे तशी नोंदवावी. अनुमानाने केलेली दुरुस्ती मूळ चिठ्ठीवर कधीही करू नये. मूळ चिठ्ठी, मग ती कितीही मळलेली वा चुकीची असो, टाचणीवरून काढू नये. नवी माहिती तिच्याखाली वेगळ्या चिठ्ठीवर, ती लिहिणाऱ्याचे नाव व वर्ष घालून जोडावी.

तारखेचे महत्त्व स्थळाहून कमी नाही. मावळात जुलै व डिसेंबर हे जणू दोन भिन्न प्रदेश आहेत. '७-१२' एवढेच लिहिलेल्या चिठ्ठीवरून ७ डिसेंबर समजावयाचा की १२ जुलै, असा संभ्रम पडतो. यासाठी महिना रोमन अंकांत लिहिण्याचा प्रघात कीटकशास्त्रात रूढ झाला आहे. वर्षही पूर्ण चार अंकी लिहावे. कारवीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. कारवी साधारणतः आठ वर्षांच्या चक्राने एकदम फुलते व फळे धरून वाळते. सर्व डोंगरांवर फुलण्याचे वर्ष एकच असते असेही नाही. त्या एका हंगामात फुलांवर आग्यामाश्या व इतर कीटक यांची झुंबड उडते. 'कारवीच्या फुलावर' अशी नोंद असलेल्या मधमाशीच्या नमुन्यावर वर्ष नसेल, तर त्याचा संबंध कोणत्या फुलोऱ्याशी लावावा? येथे वनस्पतींचा पुरावाही उपयोगी पडतो. सेंट झेवियर महाविद्यालयाचे हेर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांनी लिहिलेला खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. कीटकाच्या चिठ्ठीवर अन्नवनस्पतीचे नाव असले की असा ग्रंथ व वनस्पतिसंग्रहातील वाळवलेले नमुने यांच्याशी त्याची सांगड घालता येते.

राजमाचीच्या रानात पावसाळ्याच्या तोंडावर चमकणारे काजवे हे दुसरे उदाहरण. पूर्ण वाढलेले काजवे मोठ्या संख्येने दिसण्याचा काळ थोड्या आठवड्यांचा असतो. हा काळ वर्षानुवर्षे पुढे-मागे सरकतो आहे काय, हे सांगावयाचे तर अचूक तारखा असलेले नमुने व नोंदी यांची दीर्घ मालिका हवी. आठवणी त्याऐवजी चालत नाहीत.

उत्तम चिठ्ठीवर राज्य, जिल्हा, तालुका, गाव व गावापासूनचे अंतर आणि दिशा, समुद्रसपाटीपासूनची उंची, अक्षांश-रेखांश, तारीख, पकडण्याची रीत, अधिवास वा अन्नवनस्पती आणि संग्राहकाचे नाव एवढ्या गोष्टी असाव्यात. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणारी साधने आज प्रत्येकाच्या हाती आहेत. तरीही गावाचे नाव लिहिणे सोडू नये. आकडा लिहिताना एक अंक चुकला तर चूक उघडकीस आणण्यास गावाचे नावच उपयोगी पडते.

टाचणीपासून कपाटापर्यंत

कीटक पकडण्याच्या रीती त्यांच्या सवयींनुसार ठरतात. उडत्या फुलपाखरांसाठी व चतुरांसाठी जाळी, निशाचर पतंगांसाठी पांढऱ्या पडद्यापुढील दिवा, पालापाचोळ्यातील सूक्ष्म जीवांसाठी वरून उष्णता देणारे नरसाळे, आणि माश्या व गांधीलमाश्यांसाठी तंबूसारखा मालेझ सापळा. स्वीडनच्या रेने मालेझ याने या सापळ्याचे वर्णन १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. कोणतीही एक रीत सर्व कीटकांस पुरी पडत नाही. म्हणून रीतीची नोंद चिठ्ठीवर असल्याखेरीज दोन ठिकाणच्या संग्रहांची तुलना करणे धोक्याचे असते.

मोठे व कठीण शरीराचे कीटक टाचणीवर लावतात. टाचणी कोठे टोचावी याचे नियम ठरलेले आहेत. भुंगेऱ्यांत ती उजव्या कठीण पंखातून, माश्या व मधमाश्यांत वक्षाच्या मध्यरेषेच्या किंचित उजवीकडून, तर फुलपाखरे व पतंग यांत वक्षाच्या मध्यातून जाते. उजवी बाजू निवडण्याचे कारण असे की, टाचणीने एक बाजू बिघडली तरी दुसरी अभ्यासासाठी अखंड राहते; आणि सर्वांनी एकच बाजू निवडली म्हणजे जगातील सर्व नमुन्यांची डावी बाजू एकमेकांशी ताडून पाहता येते. फार लहान कीटक कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकावर चिकटवितात. मऊ शरीराच्या अळ्या, वाळवी इत्यादींस मद्यार्कात ठेवतात. आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास करावयाचा असेल तर तीव्र, सुमारे ९५ टक्के मद्यार्क वापरणे इष्ट.

लोणावळ्यास पावसाळ्यात संग्रह करणाऱ्यास यानंतरची अडचण चांगलीच जाणवते. हवा इतकी दमट असते की नमुना सुकण्याआधीच त्यावर बुरशी धरते. फुलपाखरे त्रिकोणी कागदी पाकिटांत घालून, ओलावा शोषणाऱ्या सिलिकाच्या खड्यांसह बंद डब्यात ठेवावी व शक्य तितक्या लवकर कोरड्या ठिकाणी हलवावी, हा उत्तम मार्ग. टाचणीवर लावलेले नमुने सौम्य उष्णतेच्या पेटीत सुकवावेत. एकदा कडक झालेला नमुना दमट भांड्यात ठेवून पुन्हा मऊ करता येतो; परंतु बुरशीने गेलेले सूक्ष्म केस व खवले परत येत नाहीत, आणि जाती ओळखण्याची खूण बहुधा त्यांतच असते.

कपाटात गेलेला नमुना सुरक्षित झाला असे समजणे हीच मोठी चूक. कोरडे कीटक खाऊन जगणारे दुसरे कीटक असतात. लोकरीवर व गालिच्यांवर पडणारे 'अँथ्रिनस' वंशातील बारीक भुंगेरे एका हंगामात अख्खा खण फस्त करू शकतात. टाचणीखाली साठलेली बारीक पूड ही त्यांची पहिली खूण होय. दमट खणांत कागद-बुरशीवर जगणाऱ्या पुस्तकी उवा शिरतात व नाजूक नमुन्यांची नासाडी करतात. पूर्वी डांबरगोळ्यांवर मोठी भिस्त असे. परंतु डांबरगोळीचा वास कीड काही अंशी दूर ठेवतो, आत शिरलेल्या किडीचा खात्रीने नाश करीत नाही; शिवाय बंद खोलीत तिचा वास सतत घेणे आरोग्यास अपायकारक आहे. म्हणून आज संग्रहालयांत शीतकरणाची रीत अधिक पसंत करतात. संशयित खण प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअस तापमानात एक-दोन आठवडे ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानास येईपर्यंत पिशवी उघडू नये. नाहीतर थंड नमुन्यांवर हवेतील पाणी साचते. दालनाची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखणे, नव्याने आलेली प्रत्येक पेटी थोडा काळ वेगळी ठेवणे आणि ठरावीक मुदतीने प्रत्येक खण उघडून पाहणे या साध्या शिस्तीला पर्याय नाही.

नाव आणि त्याचा आधार

संग्रहातील सर्व नमुन्यांत मानाचे स्थान असते ते प्ररूप नमुन्याचे. नव्या जातीचे वर्णन करताना ज्या नमुन्याशी तिचे नाव कायमचे जोडले जाते, तो तिचा प्ररूप होय. त्यास ओळखण्यासाठी लाल चिठ्ठी लावण्याचा प्रघात आहे व तो इतर संग्रहापासून वेगळा, अधिक सुरक्षित ठेवतात. वर्णनातील शब्द अपुरे पडले, चित्र संदिग्ध ठरले, किंवा एक जाती समजली होती तेथे दोन निघाल्या, तर मूळ नाव कोणत्या जातीचे, याचा निर्णय प्ररूप पाहूनच होतो. आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेच्या चौथ्या आवृत्तीनुसार २००० सालापासून नव्या जातीचा प्ररूप स्पष्टपणे नेमणे आणि तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे वा ठेवावयाचा आहे हे सांगणे अनिवार्य झाले आहे. भारताच्या जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या ३९ व्या कलमानेही नव्या जातीचा नमुना शासनमान्य भांडारात जमा करण्याचे बंधन घातले आहे.

नावांचा हा काथ्याकूट केवळ पंडिती वाटण्याचा संभव आहे. मावळातील भातशेतीचे उदाहरण घेतले म्हणजे त्याचे व्यावहारिक महत्त्व कळते. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये 'इंद्रायणी' हे भाताचे वाण प्रसारित झाले, इतके येथील भाताचे महत्त्व. या पिकाचा एक मोठा शत्रू म्हणजे पिवळा खोडकिडा. आज त्याचे शास्त्रीय नाव 'स्किर्पोफागा इन्सर्ट्युलस' असे आहे. परंतु जुन्या अहवालांत तोच कीटक 'शीनोबियस बायपंक्टिफर', 'शीनोबियस इन्सर्ट्युलस' व पुढे 'ट्रायपोरायझा इन्सर्ट्युलस' या नावांनी येतो. ही सर्व नावे एकाच पतंगाची आहेत हे ज्यास ठाऊक नाही, त्याला निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या किडी पडत होत्या असा भास होईल. उलट एकसारख्या दिसणाऱ्या दोन जाती एका नावाखाली नोंदल्या गेल्या, तर एकीवर लागू पडलेला उपाय दुसरीवर का पडत नाही, हे कोडे सुटणार नाही. ज्या अहवालामागे जपून ठेवलेला नमुना आहे, त्यातील नाव आज तपासून दुरुस्त करता येते. नमुना नसेल तर त्या नावावर केवळ विश्वास ठेवावा लागतो.

ऋतुभेदाने होणारा गोंधळही संग्रहानेच प्रकाशात आणला व संग्रहाच्या साहाय्यानेच दूर झाला. भाताच्या व गवताच्या पानांवर वाढणारे 'मेलानायटिस लीडा' हे संधिप्रकाशात उडणारे तपकिरी फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूस ठळक डोळ्यांसारखे ठिपके धारण करते. कोरड्या ऋतूत हे ठिपके जवळजवळ नाहीसे होऊन पंख वाळल्या पानासारखे दिसतात. ही दोन रूपे पूर्वी दोन स्वतंत्र जाती समजली जात. कोरड्या ऋतूतील रूपास 'इस्मीनी' असे वेगळे नाव होते. १८८० च्या दशकात लायोनेल द निसव्हिल याने कलकत्त्यास अशा फुलपाखरांची अंड्यांपासून पैदास करून ऋतुरूपांची एकता दाखविली. तारखेसह ठेवलेल्या नमुन्यांची ओळ लावली तर पावसाळी रूप केव्हा संपते व कोरडे रूप केव्हा सुरू होते, हे मावळातही पाहता येईल. आणि घाटमाथा व पूर्वेकडील भाग यांत हा बदल एकाच वेळी होतो की कसे, हा पदव्युत्तर प्रबंधास योग्य असा विषय आहे.

जुन्या नमुन्यांस नवे प्रश्न

ज्यांनी हे नमुने टोचले, त्यांच्या स्वप्नातही नव्हते असे प्रश्न आज त्यांस विचारता येतात. २००३ मध्ये कॅनडातील पॉल हेबर्ट व त्यांचे सहकारी यांनी पेशीतील तंतुकणिकांच्या एका जनुकाचा खंड जाती ओळखण्यासाठी वापरण्याची सूचना केली. या रीतीस एक पाय पुरतो. पण जुन्या नमुन्यांतील आनुवंशिक द्रव्याचे तुकडे झालेले असतात, आणि नमुना कोणत्या द्रव्याने मारला व कसा सुकविला यावरही यश अवलंबून असते. शिवाय या रीतीने मिळालेला संकेत ज्या नमुन्याशी ताडावयाचा, त्याची ओळख आधी कोणा तज्ज्ञाने बाह्यरूप व जननेंद्रिये तपासून पक्की केलेली असावी लागते. नवी रीत जुन्या कौशल्यास निवृत्त करीत नाही. ती त्यावरच उभी आहे.

भूप्रदेशातील बदलांचा प्रश्न मावळात विशेष महत्त्वाचा. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्यासाठी लोणावळा, वळवण व शिरवता येथे तलाव बांधले गेले. १९७० च्या दशकात पवना धरण आले. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला, आणि लोणावळा-खंडाळ्याभोवती वसाहती वाढल्या. पाण्याखाली गेलेल्या वा इमारतींनी व्यापलेल्या जागी पूर्वी कोणते कीटक होते, हे आता प्रत्यक्ष पाहून सांगता येणार नाही. त्या जागेवरून त्या काळी गोळा केलेला नमुना हाच एकमेव साक्षीदार उरतो.

मात्र या साक्षीची मर्यादा ओळखली पाहिजे. संग्राहक जेथे सहज पोहोचतो तेथून अधिक नमुने येतात, व ज्या दिवसांत त्यास सवड असते त्या दिवसांचे अधिक येतात. रेल्वेच्या स्थानकाजवळचे रान संग्रहात भरपूर दिसेल. आडवळणाची दरी दिसणार नाही. मुसळधार पावसाच्या आठवड्यांतील नमुने स्वभावतःच थोडे असणार. एखादी जाती संग्रहात नाही म्हणून ती त्या प्रदेशात नव्हती असे म्हणता येत नाही. आणि जुन्या संग्रहात आहे व नव्या पाहणीत आढळली नाही, म्हणून ती नष्ट झाली असेही लगेच म्हणता येत नाही. त्याच स्थळी, त्याच ऋतूत, त्याच रीतीने पुन्हा शोध घेतल्यानंतरच तुलनेस अर्थ येतो.

विद्यापीठीय विभागांपुढील काम

कीटकांच्या सुमारे दहा लाख जाती आजवर वर्णिल्या गेल्या आहेत व वर्णन न झालेल्या त्याहून पुष्कळ अधिक असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. हे काम मोठ्या संग्रहालयांनी एकट्याने करावयाचे नाही. दरवर्षी पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंधांसाठी कीटक गोळा करतात. पदवी मिळाल्यावर त्या नमुन्यांचे काय होते, हा खरा कळीचा प्रश्न आहे. पेटी विभागाच्या कपाटावर राहते, विद्यार्थी नोकरीस लागतो, दोन-तीन पावसाळे जातात, आणि अखेरीस गंजलेल्या टाचण्या व पूड एवढेच शिल्लक राहते. प्रबंधातील जातींची यादी ग्रंथालयात सुरक्षित असते. पण तिच्यातील कोणत्याही नावाची पडताळणी आता अशक्य झालेली असते. ज्या विधानाची पुन्हा तपासणी करता येत नाही, त्याला शास्त्रात फारसे स्थान नाही.

यावरील उपाय खर्चाचे नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी वनखात्याची आवश्यक परवानगी घ्यावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींत काही कीटकही आहेत, हे विसरू नये. जरुरीपेक्षा अधिक नमुने मारू नयेत. ज्या जाती छायाचित्रावरून निश्चित ओळखता येतात, त्यांच्या बाबतीत स्थळ-काळाच्या नोंदीसह छायाचित्र पुरे. प्रत्येक नमुन्यास क्रमांक देऊन त्याची नोंद वहीत व संगणकात, अशी दोन ठिकाणी ठेवावी, आणि तोच क्रमांक प्रबंधात छापावा. नमुने ओळखणाऱ्या तज्ज्ञाचे नाव व वर्ष चिठ्ठीवर असावे. प्रबंध सादर करण्यापूर्वी प्रत्येक जातीचे प्रातिनिधिक नमुने आकुर्डीचे केंद्र, मुंबईची सोसायटी किंवा तत्सम स्थायी संग्रहाच्या स्वाधीन करून त्याची पोच प्रबंधास जोडावी. विभागाने हा नियम केला तर दहा वर्षांत मावळातील कीटकांचा एक विश्वसनीय संग्रह आपोआप उभा राहील.

आस्मुटने खंडाळ्याचे वारूळ उकरले, त्यास शतकाहून अधिक काळ लोटला. त्या नमुन्यांवर बांधलेले काही विचार टिकले, काही टिकले नाहीत. आज मावळात गोळा होणारे नमुने पुढील शतकातील अभ्यासकाच्या हाती पडले, तर तोही आजचे निष्कर्ष तपासून पाहील व त्यांतील काही नाकारील. त्याला तसे करता यावे, एवढी सोय करून ठेवणे हे संग्रहपालकाचे आणि संशोधकाचे समान कर्तव्य आहे.